वर्ष भरायच्या आत

मोबाईल कंपनीच्या दुकानात जायचं आणि मोबाईल मात्र मागं ठेवून जायचं, असा उद्योग मलकापुरात त्या दिवशी एकट्या डिंपलनंच केला असेल. काउंटरमागच्या मुलानं हात पुढं केला, "द्या फोन, बघतो," म्हणाला, आणि तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत मान खाली घातली.

"फोन... नाही आणला."

"हरवला?"

"नाही. ठेवून आली."

तो हसला. मग तिचा चेहरा नीट बघितल्यावर त्याचं हसू आपोआप बंद झालं. ती त्याच्याकडं बघतच नव्हती, सारखी मागं वळून काचेच्या दाराकडं बघत होती. त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि बसा म्हणाला. त्याच्या स्वेटरवर नावाची पट्टी होती, गंधार.

फोन होता कापसाच्या जिनिंग कारखान्यात, काट्याच्या खोलीत, ड्रॉवरमध्ये. डिंपल तिथं वजनकाट्यावर कामाला होती. कापसानं भरलेली गाडी लोखंडी पाट्यावर चढली की ती खिडकीतून नंबर बघायची, वजन घ्यायची आणि पावती ड्रायव्हरच्या हातात द्यायची. जेवणाच्या सुट्टीत मैत्रीण समीक्षाला खुर्चीवर बसवून ती इथं पळत आली होती. फोन काट्यावर म्हणजे डिंपल काट्यावर, असं डोणगावात बसलेल्या एका माणसाला दिसायला हवं होतं. त्या माणसाचं नाव कुलदीप, आणि वैशाखात तिचं त्याच्याशी लग्न होतं.

तिनं आपला नंबर तोंडपाठ सांगितला. गंधारनं तो कॉम्प्युटरवर टाकला आणि भुवया वर केल्या.

"हा तर तुमच्या नावावर नाही."

"माझाच हाय. अकरावीपासून."

"असेल. पण इथं डोणगावच्या कुलदीपरावांचा दिसतो."

आता हे झालं कसं, ते सांगायला हवं. साखरपुड्यात नवरीला साडीबरोबर मोबाईल द्यायची रीत आता आपल्याकडं चांगलीच रुळली आहे. ताटात नारळ, नारळाशेजारी साडी आणि साडीवर मोबाईलचा खोका. बायका आधी खोका बघतात आणि मग सवडीनं साडी. डिंपलच्या ताटातला खोका तर असा होता की अन्नपूर्णामावशीनं तो तीन घरं फिरवून आणला. डिंपलचे वडील जानराव वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर पिकवणारे. पोरीला डोणगावचं कृषी केंद्रवालं घर मिळालं म्हणून त्यांची मान त्या दिवशी ताठ होती. कुलदीप म्हणाला, आमच्या साऱ्या घराचे नंबर एकाच प्लॅनमध्ये आहेत, डिंपलचाही त्यातच घेऊ, नंबर जुनाच राहील. लग्नाआधीच पोरीला घरात धरलं, असं सगळ्यांना वाटलं. डिंपललाही तसंच वाटलं. मंडपातच कोणीतरी मशीन आणलं आणि तिनं लाजत लाजत त्यावर अंगठा ठेवला.

मग सुरू झाले फोन. आधी ते गोड वाटले. रोज सकाळी विचारणारं कोणीतरी आहे, हे कोणाला आवडणार नाही... पण विचारणं हळूहळू वाढत गेलं. फोनमध्ये कुलदीपनं एक सोय घालून दिली होती, डिंपल कुठं आहे त्याचा ठिपका त्याला नकाशावर दिसायचा. ती कोणाशी किती वेळ बोलली याचा हिशोबही त्याच्याकडं जायचा, कारण कनेक्शन त्याचं. दुपारी एवढा वेळ कोणासंग बोलत होती? समीक्षासंग? मग समीक्षाले दे फोन, मी विचारतो. एकदा त्यानं व्हिडिओ लावून काट्याची सगळी खोली दाखवायला लावली, टेबलाखालची जागासुद्धा. तो कधी ओरडला नाही. अगदी हळू, मऊ आवाजात बोलायचा, आणि त्या मऊ आवाजाचीच डिंपलला भीती बसली होती. फोन वाजला की तिच्या हातातली पावती चुकायची.

हे लग्न करायचं नाही, हे तिनं मनाशी ठरवलं होतं. घरी अजून कोणाला बोलली नव्हती. आधी नंबर गुपचूप सोडवायचा आणि मग नाही म्हणायचं, असा तिचा बेत होता. तो नंबर बँकेत होता, जिनिंगमध्ये होता, अख्ख्या गावाकडं होता. आधी नाही म्हटलं आणि त्यानं नंबरच बंद केला तर काय करणार? अर्थात ही झाली दुसऱ्याला सांगायची कारणं. खरं कारण एवढंच की त्याची नजर रात्रंदिवस जवळ बाळगून त्यालाच नाही म्हणायची तिची छाती होत नव्हती.

यातलं अर्धंमुर्धंच तिनं गंधारला सांगितलं. ऐकून झाल्यावर तो म्हणाला, "वर्षाची बोली आहे. वर्ष भरायच्या आत बाहेर पडायचं तर ज्यांच्या नावावर आहे त्यांची परवानगी लागते."

"त्यायले न कळता... होत नाही का?"

इथं गंधारनं सरळ नाही म्हणायला हवं होतं. दुकानात एवढे दिवस काढलेल्या मुलाला तेवढं समजत होतं. पण समोर ती बसली होती, केसांत कापसाचे पांढरे तंतू अडकलेले, ओठ दाबून धरलेली, आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "बघतो. गुरुवारी या."

ती उठली. दारापाशी गेल्यावर त्यानं हाक मारली.

"केसांत कापूस आहे तुमच्या."

"राहू द्या," ती म्हणाली, "रोजच असते." आणि रस्त्यावर आल्यावर तिच्या लक्षात आलं की कितीतरी दिवसांत कोणाशी बोलताना आपण पहिल्यांदाच थोडं हसलो. तिला त्याचीही भीती वाटली. आपलं हसूही त्या ठिपक्यावर दिसत असेल की काय, असा एक वेडा विचार मनात आला आणि ती भरभर चालायला लागली.

गुरुवारपर्यंत तिनं मनात शंभरदा जायचं रद्द केलं आणि गुरुवारी गेली. गंधारनं चहा सांगून ठेवला होता. तो म्हणाला, चहा गार होतो म्हणून मी दोनदा परत मागवला, चहावाला आता मला शिव्या घालतो आहे. ती म्हणाली, मग तुमी पिऊन घ्याचा. त्यावर तो म्हणाला, मी पीत होतो ना, दोन्ही वेळा. ती ओढणीआड हसली. तिनं बघितलं की त्याची नजर तिच्या हसण्यावर थांबली होती, आणि मग त्यानं ती चटकन कॉम्प्युटरवर वळवली. बाहेर स्टेशनाकडून मालगाडीची लांबलचक शिट्टी आली. कप दोन्ही हातांत धरून तिनं चहाचा वास घेतला, आलं भरपूर होतं.

"एक करून बघू," गंधार म्हणाला. "बाहेर पडायची विनंती नुसती टाकून ठेवतो. काय काय लागतं ते कळेल. पुढं पाठवायची नाही."

"त्यायले कळनार नाही ना?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की. माझ्यावर सोडा."

तिनं सोडलं. त्यानं बटण दाबलं.

काट्यावर परत येऊन तिनं ड्रॉवर उघडला तेव्हा फोन आतल्या आत थरथरत होता. समीक्षा भिंतीला टेकून उभी होती, तिचा चेहरा उतरलेला. "तू गेली तवापासून वाजून राह्यला," ती म्हणाली, "मी नाही उचलला." स्क्रीनवर कुलदीपचे कॉल एकाखाली एक साचले होते आणि सगळ्यात खाली एकच ओळ होती. 'मलकापूरच्या मोबाईल गॅलरीत काय काम होतं? मी येऊन राह्यलो.'

डिंपल खुर्चीवर बसली. विनंती नुसती टाकली तरी मूळ मालकाला आपोआप मेसेज जातो, दुकानाच्या नावासकट, हे तिला कोण सांगणार? ज्यानं सांगायचं त्यालाच ते माहीत नव्हतं. खिडकीबाहेर कापसाची गाडी उभी होती, ड्रायव्हर हाका मारत होता आणि तिला वजनाचे आकडे दिसेनात. डोणगाव काही जवळ नाही. पण गाडीवाल्या माणसाला संध्याकाळपर्यंत पोचायला काय लागतं?

त्याच्या आधी पोचला गंधार. मोटारसायकल थेट आत घातली, चपलासुद्धा दुकानातल्याच पायात.

"माझी चूक झाली," तो खिडकीशी येऊन म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मेसेज गेला. मले माहीत नव्हतं. मी विचारून घ्यायले पाहिजे होतं, तुम्ही गेल्यावर बघितलं आणि..."

एरवी तो पुस्तकी बोलायचा. घरी वडील रमाकांतराव कचेरीत कारकून, आई शाळेत, तिथं 'मले' म्हटलेलं चालत नसे. घाबरल्यावर त्याची सगळी भाषा मलकापूरची झाली होती. पण डिंपलला तेव्हा त्याचं कौतुक करायला सवड नव्हती.

"तुमी नक्की म्हणले होते."

"हो."

"दोनदा विचारलं मी. आता ते येऊन राह्यले इथं."

"हो. दोनदा विचारलं." त्यानं एकही सबब सांगितली नाही. "ते येतील तेव्हा मी इथं थांबतो. सगळं माझ्यावर घेतो."

"तुमी जा इथून. तुमी दिसले तर ते दुसरंच समजतीन."

तो गेला. पण गेला म्हणजे फाटकापर्यंतच गेला. तिथं गाड्यांची रांग लागली होती, ड्रायव्हर लोक चहा पीत उभे होते, त्यांच्यात जाऊन तोही कप घेऊन उभा राहिला. कोणी बघितलं असतं तर कापूस घेऊन आलेला कोणीतरी, असंच वाटलं असतं. डिंपलला तो खिडकीतून दिसत होता. तिला राग आला होता आणि तरी ती पुन्हा पुन्हा तिकडं बघत होती, तो आहे ना म्हणून.

मग तिनं ऑफिसातल्या फोनवरून घरी लावला. जानराव शेतातून नुकतेच आले होते. तिनं एका दमात सांगून टाकलं, ठिपका, हिशोब, टेबलाखालची जागा, सगळं. मग जानराव चाचरत म्हणाले की पत्रिका छापायला टाकल्या आहेत, लोक तोंडाला येईल ते बोलतील, आधी कुलदीपचं नीट ऐकून घे. त्यांच्या आवाजातही भीतीच होती. डिंपलला वाटलं, संपलं. एवढ्यात फोन आईनं घेतला. सत्यभामाबाई एरवी फोनवर दोन शब्दांपुढं जात नसत.

"तुले राह्याचं हाय का त्याच्यापाशी?"

"नाही आई."

"मंग नको राहू. तुह्या बापाले मी पाहून घेईन." आणि फोन ठेवून दिला.

ऊन उतरलं. गाड्या रिकाम्या होत होत्या, हवेत कापूस तरंगत होता, सरकीचा तेलकट वास येत होता आणि डिंपल पावत्या फाडत होती. दिवे लागायच्या सुमाराला पांढरी गाडी फाटकातून आत आली. रांगेचं कुलदीपला काय? तो सरळ पुढं आला आणि गाडी काट्याच्या पाट्यावरच उभी केली, खिडकीसमोर. उतरला. इस्त्रीचा शर्ट, अंगाला अत्तर. ओरडला नाही.

"बस गाडीत. बोलू."

"इथंच बोला."

"लोकायसमोर?" तो हसला. "काय झालं तुले? कोणी शिकवलं?"

डिंपलनं टेबलाची कड घट्ट धरली. पळून जावं, निदान खिडकी लावून घ्यावी, असं तिला फार वाटलं. पण खिडकी तिच्या कामाची होती, रोज तीच उघडायची आणि तीच लावायची. तिनं ती उघडीच ठेवली.

"कोनी नाही शिकवलं. मले हे लग्न नाही करायचं."

आवाज कापला. पण शब्द बाहेर पडले, आणि एकदा पडलेले शब्द काही परत घेता येत नाहीत, हे बोलता बोलताच तिला जाणवलं. कुलदीपनं खिडकीत वाकून आवाज आणखी मऊ केला.

"नंबर माह्या नावावर हाय. वर्षभर तुले काही सुटता येत नाही. बँक त्याच्यावर, पगार त्याच्यावर. आता इथंच बंद करू का?"

हीच ती भीती. कितीतरी रात्री झोपू न देणारी. ती अशी समोर येऊन उभी राहिली, आणि डिंपलला पहिल्यांदाच दिसलं की तिच्या पलीकडं आणखी काही नाही. नंबर जाईल. एवढंच. नंबर घेऊन बाहेर पडायचं म्हणून तर वर्षाची बोली, परवानगी आणि मालक. नंबर टाकून बाहेर पडायला कोणाची परवानगी लागते?

तिनं ओढणीची पिन काढली. फोनच्या कडेला असलेल्या बारक्या भोकात खुपसली. दोनदा पिन घसरली. सिमकार्ड निघालं. पावत्या द्यायच्या फटीतून तिनं आधी ते आणि मग फोन बाहेर सरकवला.

"नंबर ठेवा तुमच्यापाशी."

"लोकायले काय सांगशीन?"

"खरं काय ते सांगीन."

तो काहीतरी बोलणार होता. पण काट्यावर त्याची गाडी उभी, मागं कापसाच्या गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेलेली, आणि ड्रायव्हर लोकांना डोणगावच्या सोयरिकीशी काय घेणंदेणं? आधी एक हॉर्न वाजला, मग सगळेच वाजायला लागले. एक पागोटेवाला खाली उतरून आला आणि म्हणाला, "ओ भाऊ, काटा झाला असंन तर काढा ना गाडी. आमाले घरी जायाचं हाय." कुलदीपनं आजूबाजूला बघितलं. इतके लोक आपल्याकडं बघताहेत हे त्याला आता दिसलं. त्यानं फोन उचलला, सिमकार्ड चिमटीत धरलं आणि गाडीत बसला. गाडी गेली. पागोटेवाल्याची गाडी पाट्यावर चढली. डिंपलनं वजन घेतलं, पावती दिली, आणि मग टेबलावर डोकं ठेवून ती रडली.

दुसऱ्या दिवशी तिनं स्वतःच्या नावावर नवं सिमकार्ड घेतलं, जुन्या साध्या फोनमध्ये टाकायला. काउंटरवर गंधारच होता. त्यानं तिचा अंगठा घेताना एकदाच विचारलं, नीट वाचलं का? तिनं सगळं वाचेपर्यंत तो थांबला. मागची गिऱ्हाइकं कुरकुरली तरी थांबला. मग ती बँकेत गेली, जिनिंगच्या ऑफिसात गेली, सगळीकडं नंबर बदलून आली. घरी चार दिवस जानराव जेवताना बोलले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी छापून आलेल्या पत्रिकांचा गठ्ठा स्वतःच चुलीत घातला.

भीती मात्र एवढ्यानं जात नाही. फोन वाजला की डिंपलच्या काळजात अजून धस्स व्हायचं, मग तो आईचा असो की समीक्षाचा. पांढरी गाडी दिसली की हातातलं काम थांबायचं. आणि एक गोष्ट तिला रोज संध्याकाळी टोचायची, ती कोणाला सांगायचीही चोरी. गंधारचा एकदाही फोन आला नाही. नंबर तर त्यानंच चालू करून दिला होता.

एका दुपारी तो जिनिंगमध्ये आला. बूट घालून, नीट भांग पाडून. काट्याच्या पाट्यावर मधोमध उभा राहिला आणि खिडकीतून आत बघू लागला.

"उतरा खाली," डिंपल म्हणाली. "मानसायचं वजन नाही होत इथं."

"माहीत आहे. पण इथं उभं राहिल्याशिवाय तुम्ही बोलत नाही ना कोणाशी."

तिनं हसू दाबलं. मग विचारायचं नाही असं ठरवलेलंच विचारून टाकलं. "माहा नंबर हाय तुमच्यापाशी. फोन काऊन नाही केला?"

"तो तुम्ही दुकानाला दिला होता. मला कुठं दिला?" पुढं बोलताना तो घरातली भाषा विसरून गेला. "त्या दिवशी मी चहाचा कप घेऊन फाटकात उभा होतो ना... माह्याच चुकीनं तुमचं काही वाईट झालं असतं तर... मले अजूनही झोप येत नाही. तुम्ही मले आवडता, डिंपल. माफी मागायले आलो होतो आणि हे बोलून बसलो."

बाहेर ऊन होतं, हवेत कापूस होता, आणि तीच ओळखीची भीती पुन्हा आली होती. डिंपलनं ती लपवली नाही.

"मले भेव लागते," ती म्हणाली. "फोनचं. कोनाले हो म्हनायचं. तुमचंही. भेव गेलं की मग सांगीन."

"सांगा."

"अन् नाहीच गेलं तर?"

गंधारनं विचार केला. "तर भेव असतानाच सांगा," तो म्हणाला. "मी काही घाईत नाही."

तिनं आपला फोन पावत्यांच्या फटीतून बाहेर सरकवला. "तुमचा नंबर टाका यात. माहा नाही देत मी. मले वाटंन तवा मीच करीन."

त्यानं नंबर टाकला, फोन परत सरकवला, आणि तिचा मागितला नाही. वळला. काट्यावरून उतरून फाटकाकडं चालायला लागला, सावकाश, उगाच मागं न बघता. डिंपल त्याची पाठ बघत राहिली. तो फाटकापाशी पोचायच्या आत त्याच्या खिशातला फोन वाजला. तो थांबला. अनोळखी नंबर होता. त्यानं कानाला लावला आणि खिडकीकडं वळून बघितलं.

खिडकीत डिंपल फोन कानाला धरून उभी होती.

"मी बोलून राह्यली," डिंपल म्हणाली. "भेव काही गेलं नाही. हात पाहा, कसे थरथर करून राह्यले... पण तुमी मले आवडता."

मागं कापसाची गाडी येऊन उभी राहिली होती आणि ड्रायव्हर पावतीसाठी हाका मारत होता. तिनं एका हातानं वजन घेतलं. दुसऱ्या हातातला फोन तिनं ठेवला नाही.